पार्श्वभूमी: द्राक्षातलं औषध तपासतात, विहिरीतलं कोण तपासणार?

गोदावरीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की नाशकात सगळे पाणवेली, फेस आणि रामकुंडावर बोलतात, कारण ते डोळ्याला दिसतं. फवारणीची औषधं आणि आपण खातो त्या गोळ्यांचे अंश दिसत नाहीत, म्हणून त्यावर कोणी बोलत नाही. हे सगळं आलं कुठून ते थोडं मागे जाऊन बघू.

1953 ला मलेरियाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, घराघरात डीडीटी मारलं गेलं, पुढे ते आणि बीएचसी ही किडीवरची पावडर शेतातही सर्रास. 1958 ला केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक लागलेलं अन्न खाऊन शंभराहून जास्त माणसं गेली, त्यानंतर दहा वर्षांनी, 1968 ला, कीटकनाशक कायदा आला. त्याचा भर नोंदणी, विक्री आणि लेबलवर, औषध मारून झाल्यावर कोणाच्या विहिरीत किती उतरलं हे मोजणं त्यात जवळपास नाहीच. शेतीतल्या डीडीटीवर बंदी यायला 1989 उजाडलं, बीएचसीला 1997, एंडोसल्फान हे कीटकनाशक तर 2011 ला सुप्रीम कोर्टाने थांबवलं.

आता आपल्याकडचं. निफाड, दिंडोरी, पिंपळगावचा द्राक्षवाला एप्रिलला वेलीची खरड छाटणी करतो, ऑक्टोबरला फळासाठी गोड्या बहाराची, आणि मधे अवकाळी पाऊस आला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने फवारणीवर फवारणी, त्यात त्याला दोष देऊन उपयोग नाही, एका रात्रीत वर्षाचं पीक जातं. 2010 ला युरोपात आपल्या द्राक्षात सीसीसीचे, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात त्या औषधाचे, अंश सापडले आणि कंटेनर अडकले. तेव्हापासून रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश, हा शब्द गावातल्या पोराटोरांना पाठ आहे. पण तो मण्यापुरताच. विहिरीचं पाणी लॅबला जातं ते पीएच आणि क्षार बघायला. इथली जमीन काही ठिकाणी मुरमाड, खाली काळा पाषाण, त्याच्या भेगांतून वरचं पाणी फारसं गाळलं न जाता खाली पोचतं, आणि विहीर नदीकाठी असेल तर मोटर चालू झाली की नदीचंच पाणी आत ओढलं जातं. त्यात ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची, टाकी विहिरीशेजारीच भरायची, तिथेच धुवायची.

2003 ला बाटलीबंद पाणी आणि कोल्ड्रिंकमधल्या कीटकनाशकांवरून देशभर गदारोळ झाला, शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली, बाटलीच्या पाण्याचं मानक एका कीटकनाशकाला लिटरमागे 0.0001 मिलिग्रॅम इतकं कडक झालं. चांगलंच झालं. पण विकायच्या बाटलीला जी काळजी मिळाली ती ज्या विहिरीवर आख्खी वस्ती पाणी पिते तिला का नाही?

गोळ्यांच्या बाबतीत तर अजूनच मोकळं रान. हैदराबादजवळच्या पाटनचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून सोडलं जायचं, 2007 च्या अभ्यासात त्या सोडलेल्या पाण्यात लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं, पेशंटच्या रक्तात असतं त्याहून जास्त. तिथलं पाणी जातं मांजरेकडे, आणि मांजरा बीडमध्ये उगम पावून शेवटी गोदावरीलाच मिळते, म्हणजे खोरं आपलंच. अशा पाण्यात मरत नाहीत ते जंतू औषधाला दाद न देणारे होतात. जानेवारी 2020 ला केंद्राने कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकवर मर्यादा घालणारा मसुदा काढला आणि ऑगस्ट 2021 च्या अंतिम नियमातून त्या मर्यादाच गायब झाल्या.

आणि कारखानेच कशाला, घरातली शुगरची गोळीही लघवीतून गटारात जाते. मलनिस्सारण केंद्रं बांधली ती बीओडी, म्हणजे पाण्यातली ऑक्सिजन खाणारी सेंद्रिय घाण, कमी करायला, औषधं काढायला नाही. 2022 ला शंभराहून जास्त देशांतल्या नद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात शुगरचं मेटफॉर्मिन आणि फिटवरचं कार्बामाझेपिन निम्म्याहून जास्त ठिकाणी सापडलं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस 10500 मध्ये, काही कीटकनाशकांना मर्यादा आहेत, औषधांना एकालाही नाही. नदीच्या नेहमीच्या तपासणीत मुख्यतः बीओडी, ऑक्सिजन, पीएच, कॉलिफॉर्म (मैल्यातले जंतू) असंच बघतात.

2027 च्या कुंभासाठी गोदावरीवर खर्च होणारच आहे, तर त्यातून निदान निफाड-दिंडोरीतल्या नदीकाठच्या विहिरींची रेसिड्यू तपासणी करा, छाटणीनंतर एकदा आणि पहिल्या पावसानंतर एकदा, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा.