आग्वा फ्रेस्का आणि मेक्सिकोतील घरगुती पेये

फळ, फूल, बी किंवा धान्य पाण्यात भिजवून, वाटून वा कुस्करून, साखर घालून केलेले मेक्सिकोचे रोजचे सरबत म्हणजे आग्वा फ्रेस्का. शब्दशः अर्थ 'ताजे, गार पाणी'. त्यात मद्य नसते, आणि रसापेक्षा पाणी अधिक असते. म्हणूनच थोड्या फळांत सगळ्या पंगतीची तहान भागते. दुपारच्या ठरावीक जेवणाच्या खानावळींत 'आजचे पाणी' जेवणाच्या किमतीतच मिळते. घरी बाप्तिस्मा असो, वाढदिवस असो, की रविवारी जमलेले सगळे कुटुंब, ते वित्रोलेरोत भरून ठेवतात. वित्रोलेरो ही रुंद तोंडाची, मोठ्या पोटाची काचेची बरणी. आतले रंग बाहेरून दिसतात आणि ओगराळ्याने पेले भरले जातात. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, 15 व 16 सप्टेंबरला, लिंबाचे हिरवे, तांदळाचे पांढरे आणि हामाइकाचे लाल पाणी शेजारी शेजारी मांडले की राष्ट्रध्वजाचे तीन रंग तयार होतात.

यांतले हामाइका मराठी वाचकाला अनोळखी नाही. ती आपली लाल अंबाडीच. पाकळ्या गळून गेल्यावर फळाभोवती उरणारी मांसल लाल बोंडे वाळवतात, उकळतात, गाळतात आणि गार करून गोड करतात. आपण या झाडाचा पाला भाकरीबरोबर खातो, तिथे बोंडांना मान. गाळून उरलेला चोथाही वाया जात नाही. कांद्याबरोबर परतून तो टाकोत भरतात. वनस्पती मूळची आफ्रिकेची, पण आज मेक्सिकोत तिचे सर्वाधिक पीक गेरेरो राज्यात येते.

तांदळाच्या पाण्याला ओरचाता म्हणतात. तांदूळ आणि दालचिनी रात्रभर भिजत घालायची, सकाळी वाटून फडक्यातून गाळायचे, साखर आणि कुठेकुठे दूध घालायचे. नावाचे मूळ लॅटिनमधील जवाच्या नावात आहे. स्पेनमधील वालेन्सियात ते चुफा नावाच्या मोथ्याच्या जातीच्या कंदांपासून करतात. मेक्सिकोत तांदूळ स्पॅनिशांबरोबर आला आणि त्याने कंदांची जागा घेतली. दालचिनी मात्र हवी ती श्रीलंकेची, पातळ सालीची आणि सहज कुटली जाणारी. दक्षिण मेक्सिकोतील वाहाकात ओरचात्यावर निवडुंगाच्या फळाचा लालभडक गर, खरबुजाच्या फोडी आणि अक्रोडासारखा सुका मेवा घालतात. इतका थाट इतरत्र सहसा नसतो.

चिंचेचे पाणी, तामारिंदो, चिंच उकळून, कोळून करतात. त्या शब्दात अरबी 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, अजून जिवंत आहे. आशियाला मेक्सिकोशी जोडणारी, फिलिपिन्समधील मनिला ते आकापुल्को ही गलबतांची वाट 1565 ते 1815 या काळात चालू होती, आणि मेक्सिकोत आजही एका आंब्याला 'मनिला' म्हणतात. लिंबाच्या पाण्यात चिया भिजवतात. सब्जासारखे फुगणारे हे बी मात्र तिथलेच. अ‍ॅझ्टेक राज्यकर्ते ते खंडणीत घेत.

पण या सरबतांचे खरे महत्त्व ती कोणाला दिली जातात यात आहे. वाहाका शहरात ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळातील चौथ्या शुक्रवारी 'शोमरोनी स्त्रीचा दिवस' असतो. योहानकृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात याकोबाच्या विहिरीवर तिच्याकडे येशूने पाणी मागितले, त्याची ही आठवण. त्या दिवशी चर्च, शाळा आणि घरांच्या दारांत फुलांनी सजवलेल्या मांडवाखाली आग्वास फ्रेस्कास ठेवतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट देतात. ओळख विचारली जात नाही. उन्हाळ्यात पाणपोई घालणाऱ्या माणसाला हा दिवस समजावून सांगावा लागणार नाही. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच्या शुक्रवारी मध्य मेक्सिकोतील घरांत येशूच्या आईची, दुःखी मरियेची, वेदी मांडतात. भेटीला आलेले विचारतात, 'मरिया रडली का?' उत्तरादाखल त्यांच्या हाती सरबताचा पेला येतो. तेच तिचे अश्रू.

थंडीत पेये बदलतात. आतोले हे नाव नाहुआत्ल भाषेतील आतोलीवरून आले. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन, वाटून त्याचे पीठ मळतात. ते पाण्यात कालवून, पिलोन्सियो हा तिकडचा गूळ आणि दालचिनी घालून दाटसर शिजवतात. यात चॉकलेट घातले की ते चांपुर्रादो. फेस येईपर्यंत ते मोलिनियोने, दोन तळहातांत फिरवायच्या लाकडी रवीने, घुसळतात. 6 जानेवारीला, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांच्या सणाला, 'राजांच्या पावात' दडवलेली बाळाची बाहुली ज्याच्या वाट्याला येते, त्याने 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे उंडे, आणि आतोले द्यायचे असते.

वाहाकाजवळील सान आंद्रेस वायापाम गावच्या स्त्रियांचे तेहाते सर्वांत कष्टाचे. राखेच्या पाण्यात शिजवलेला मका, भाजलेला कोको, मामे फळाची बी आणि 'कोकोचे गुलाब' म्हणवणारे सुगंधी फूल एकत्र वाटतात. मग मोठ्या मातीच्या परातीत थोडे थोडे पाणी घालत हाताने घुसळतात, तोवर पांढरा घट्ट फेस वर येतो. तो हिकारात, भोपळ्यासारख्या फळाच्या कवटीच्या वाडग्यात, काढून देतात.

बाटलीबंद गोड पेयांचा खप मेक्सिकोत फार मोठा आहे, म्हणून सरकारने जानेवारी 2014 पासून त्यांवर लिटरमागे 1 पेसो कर लावला. घरच्या सरबतातही साखर असतेच, पण ती किती हे घालणारी ठरवते, आणि मला तोच मोठा फरक वाटतो.

16 ते 24 डिसेंबरच्या नऊ रात्री पोसादा साजऱ्या होतात. योसेफ आणि मरियेप्रमाणे लोक गात दारोदार आसरा मागतात, आणि शेवटी दार उघडते तेव्हा आत पोंचे उकळत असते. त्यात पेरू, तेहोकोते ही आंबटसर पिवळी फळे, चिंच, हामाइका, दालचिनी, पिलोन्सियो आणि उसाच्या गंडेऱ्या असतात. मोठी माणसे आपल्या पेल्यात वेगळी दारू घालून घेतात, पण पातेल्यात ती नसते. पेला रिकामा झाला की मुले तळातली फळे चमच्याने काढून खातात आणि गंडेरी चघळत बसतात.