स्वयंसेवी संस्थांचे शासकीय अनुदान (खान्देश)

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील नोंदणीकृत न्यास, सोसायट्या, सार्वजनिक ग्रंथालये, गोशाळा व ग्रामसभा यांना केंद्र शासन, राज्य शासन किंवा जिल्हा परिषद यांच्याकडून ठरावीक कामासाठी मिळणारी रक्कम. ती परत फेडायची नसते, पण देणगीसारखी मोकळीही नसते. ज्या शीर्षाखाली मंजूर झाली त्याच शीर्षाखाली ती खर्चावी लागते, आणि बऱ्याच योजनांत संस्थेने आधी पदरचे पैसे घालून मग मागणी करायची असते. मंजुरीइतकाच, किंबहुना त्याहून अवघड प्रश्न पैसे हातात येईपर्यंत काम कशावर चालवायचे हा असतो.

खान्देशातील जुन्या सार्वजनिक संस्थांमागे वर्गणी आणि दानशूर व्यापारी यांचा पैसा मोठा होता. जळगावचे व. वा. वाचनालय १८७७ चे. अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर प्रतापशेठजींच्या आश्रयाने १९१६ मध्ये उभे राहिले, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ १९२७ चे. शासकीय अनुदानाचा पसारा वाढला तो स्वातंत्र्यानंतर: आधी आश्रमशाळांमुळे, पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे.

पात्रतेचे कागद

महाराष्ट्रात संस्था साधारणपणे दोन कायद्यांखाली नोंदवली जाते: संस्था नोंदणी अधिनियम १८६० (किमान सात सभासद) आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०. दुसऱ्या नोंदणीचा क्रमांक बोलीत ‘पीटीआर नंबर’ म्हणून ओळखला जातो. सोसायटीच्या पीटीआर क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते. प्रस्तावासोबत परिशिष्ट १ चा (धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या व विश्वस्तांच्या नोंदीचा) ताजा उतारा, घटना व नियमावली, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, कार्यकारिणीचा ठराव, जागेचा सातबारा किंवा भाडेकरार आणि पॅन लागते. केंद्राच्या योजनेसाठी नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरील ओळख क्रमांक आणि पीएफएमएसवर (केंद्राची सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणाली) नोंदलेले बँक खातेही हवे.

प्रस्ताव अडतो तो बहुधा कामाच्या दर्जावर नव्हे, परिशिष्ट १ वर. निवडणूक होऊन नवी कार्यकारिणी आली की विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो. तो दिला नाही, किंवा दोन गटांच्या भांडणात वर्षानुवर्षे पडून राहिला, तर उताऱ्यावर जुनीच नावे दिसतात. त्यातला एखादा विश्वस्त हयातही नसतो. मग ठरावावर सही करणारे अध्यक्ष आणि उताऱ्यावरचे अध्यक्ष जुळत नाहीत आणि फाइल ‘त्रुटी’ लिहून परत येते. दुसरी नेहमीची त्रुटी नावाची: पीटीआरवर ‘शिक्षण प्रसारक मंडळ’, पॅनवर ‘शिक्षण प्रसारक मंडल’, बँकेत गावाचे नाव जोडलेले. माणूस हे समजून घेतो, पोर्टल घेत नाही. तिसरी त्रुटी उद्देशांची. नियमावलीत फक्त ‘शैक्षणिक कार्य’ असेल तर जलसंधारणाचा प्रस्ताव टिकत नाही. आधी उद्देश वाढवून घ्यावे लागतात.

प्रमुख योजना

खान्देशात सर्वांत मोठी रक्कम येते ती अनुदानित आश्रमशाळांतून. आदिवासी विकास विभागाचे धुळे, नंदुरबार, तळोदा आणि यावल ही चार प्रकल्प कार्यालये या भागात असून ती नाशिकच्या अपर आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. मान्य पदांचा पगार वेतन अनुदानातून भागतो. मुलांच्या जेवणाखाण्यासाठीचे परिपोषण अनुदान दरडोई दरमहा १,५०० रुपयांवरून २,२०० रुपये झाले. ते हजेरीवर ठरते, आणि इथेच सातपुड्यातले वेळापत्रक आडवे येते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, काही मुले सोबत जातात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांच्या दिवसांत अक्कलकुवा–धडगावकडची वसतिगृहे निम्मी रिकामी दिसणे नवलाचे नाही. तपासणी पथक नेमके त्याच आठवड्यात आले तर मान्य हजेरी घसरते. जाणती संस्था सुट्टीवर गेलेल्या मुलांची नोंद पालकांच्या सहीसह वेगळ्या रजिस्टरला ठेवते. खोटी हजेरी मांडण्यापेक्षा हा मार्ग केव्हाही स्वस्त, कारण खोटी हजेरी उघडकीस आली की वसुली मागच्या काळाचीही निघू शकते.

केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालय निवासी शाळा, फिरते दवाखाने अशा प्रकल्पांना मान्य खर्चाच्या ९० टक्के रक्कम देते आणि १० टक्के संस्थेने घालायचे असतात. अनुसूचित क्षेत्रात (राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली घोषित आदिवासी भागात) मात्र पूर्ण १०० टक्के मिळू शकतात. म्हणून प्रकल्प नेमका कोणत्या गावात आहे याला महत्त्व. अक्राणी (धडगाव), अक्कलकुवा आणि तळोदा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, पण चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री यांचा काही भागच त्यात येतो. गाव यादीत आहे की नाही हे तालुक्याच्या नावावरून गृहीत धरू नये.

शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. परिरक्षण अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्के किंवा वर्गाची कमाल रक्कम, यांपैकी कमी असेल तेवढे मिळते. २०२२ मध्ये या रकमांत ६० टक्के वाढ झाली, तरी ड वर्गाच्या गावातल्या वाचनालयाचा ग्रंथपाल त्यावर घर चालवू शकत नाही. अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक पुस्तकावर शिक्का, दाखल नोंदवहीत क्रमांक आणि तोच क्रमांक बिलाच्या पाठीवर, एवढी शिस्त पाळली तर तपासणी तासाभरात उरकते. कोलकात्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या समान (राज्याच्या वाट्यासह) आणि असमान (केवळ प्रतिष्ठानाच्या पैशाच्या) निधी योजनांतून पुस्तके व इमारतीसाठी वेगळी मदत मिळते.

गोशाळांना देशी गायीमागे रोज ५० रुपये देण्याचा निर्णय राज्याने २०२४ मध्ये घेतला. पन्नास गायींचे वर्षाचे ९,१२,५०० रुपये होतात. कानात टॅग नसलेले जनावर मोजले जात नाही, आणि संकरित गाय या हिशेबात बसत नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत संस्थेला गाळ उपसण्याच्या यंत्र व इंधनापोटी घनमीटरला ३१ रुपये मिळतात. १०,००० घनमीटर गाळ काढला तर ३,१०,००० रुपये, पण काम झाल्यावर आणि मोजमाप मान्य झाल्यावर. उपसा सुरू करण्यापूर्वीचे फोटो व मोजणी राहून गेली तर पोकलेनवाल्याचे बिल संस्थेच्या अंगावर पडते, कारण पाऊस पडून तलाव भरला की मोजायला काही उरत नाही.

नोंदणीकृत संस्था नसलेल्या गावांसाठी पेसा क्षेत्रात (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या भागात) वेगळी वाट आहे. एप्रिल २०१५ च्या निर्णयाप्रमाणे आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के रक्कम अबंध (ठरावीक योजनेशी न बांधलेला) निधी म्हणून थेट खाली येते. काय करायचे ते ग्रामसभा ठरवते. पायाभूत सुविधा, वनहक्काची अंमलबजावणी, आरोग्य व शिक्षण, वन व जलसंधारण ही कामे त्यात बसतात. साक्री तालुक्यातील बारीपाड्यासारखे जंगल राखणारे गाव बाहेरच्या संस्थेवर अवलंबून न राहता किती करू शकते हे सर्वश्रुत आहे (तेथील चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली). कमी कागदांत जास्त काम देणारा हा या भागातला सर्वांत उपयोगी निधी म्हणता येईल, पण ग्रामसभेचे इतिवृत्त सभेच्या दिवशीच लिहून सह्या घेतल्या तर. आठ दिवसांनी घरोघर फिरून घेतलेल्या सह्या तक्रारीत टिकत नाहीत.

पैशाचा प्रवास आणि खोळंबा

राज्याच्या योजनेत प्रस्ताव तालुका किंवा प्रकल्प कार्यालयाच्या शिफारशीने जिल्ह्याला व तेथून विभागाकडे जातो. मंजुरीचा आदेश निघाला म्हणजे पैसे आले असे नव्हे. निधी बीम्स या राज्याच्या अर्थसंकल्पीय निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर वितरित व्हावा लागतो, मग बिल कोषागारात जाते, आणि आक्षेप लागला नाही तर खात्यात जमा होते. बराचसा निधी मार्चअखेरीस सुटतो. ३१ मार्चला जमा झालेली रक्कम त्याच वर्षात खर्च दाखवण्यासाठी मागील तारखेची बिले जोडण्याचा मोह होतो. पुढे लेखापरीक्षणात तीच बिले सापडतात. अखर्चित रक्कम पुढे नेण्याची लेखी परवानगी मागणे हा सरळ उपाय.

मधल्या काळात संस्थाचालक पतपेढीकडून किंवा एखाद्या विश्वस्ताकडून उसने घेतात. विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ अ नुसार धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय न्यासाला कर्ज काढता येत नाही, हे अनेकांना ताळेबंदावर ‘उसनवार’ पाहून लेखापरीक्षकाने शेरा मारल्यावरच कळते. किमान सहा महिन्यांच्या पगाराइतका स्वनिधी बाजूला असल्याशिवाय नवी अनुदानित योजना घेऊ नये, हा व्यवहारी हिशेब.

हिशेब

धर्मादाय कार्यालयासाठी ३१ मार्चच्या हिशेबाचे लेखापरीक्षण सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, पूर्ण व्हावे लागते. केंद्राच्या अनुदानाचे उपयोगिता प्रमाणपत्र (सर्वांच्या तोंडी ‘युसी’) जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-अ नमुन्यात, वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचे. मागचे युसी दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही. अनुदानावर मिळालेले व्याज संस्थेचे नसते. ते शासनाकडे भरावे लागते, आणि याच कारणासाठी प्रत्येक योजनेचे खाते वेगळे ठेवतात. एकाच बचत खात्यात देणगी, वर्गणी आणि अनुदान मिसळले की व्याज कोणत्या पैशाचे हे सीएलाही सांगता येत नाही.

परदेशी देणगीसाठीचा एफसीआरए परवाना आणि कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठीची सीएसआर-१ नोंदणी यांचे नियम स्वतंत्र आहेत. एकाच बिलाचा खर्च दोन निधींवर दाखवणे सर्वत्र निषिद्ध. अनुदानातून घेतलेली रुग्णवाहिका, संगणक किंवा बाके यांची मत्ता नोंदवही ठेवावी लागते. प्रकल्प बंद पडला तरी मंजुरी देणाऱ्या विभागाच्या लेखी परवानगीशिवाय ती वस्तू विकता किंवा गहाण ठेवता येत नाही.