सरकीचं तेल आणि डब्यावरची दोन अक्षरं

जिनिंगला, म्हणजे रुई आणि बी वेगळं करणाऱ्या गिरणीत, एक क्विंटल कापूस घातला की साधारण 34 किलो रुई निघते. बाकी जवळजवळ सगळं वजन सरकीचं, कापसाच्या बियांचं. म्हणजे वजनाच्या हिशेबाने कापूस हे आधी सरकीचं पीक आहे, मग रुईचं. सरकीतून तेल निघतं, ते रिफाइंड होऊन फरसाणवाल्याच्या कढईत पडतं. मागे राहते ती पेंड, विदर्भात तिला ढेप म्हणतात. ती दुभत्या जनावरापुढे जाते. ‘भारतात जीएम (जनुकीय बदल केलेल्या) अन्नाला परवानगी नाही’ असं कुणी ठामपणे सांगितलं की मला आधी ही ढेप आठवते, कारण आपला जवळजवळ सगळा कापूस जीएमच आहे.

या गोंधळाचं मूळ जुनं आहे. भोपाळच्या वायुकांडानंतर 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्याखाली 1989 मध्ये जनुकीय बदल केलेल्या जीवांसाठी नियम झाले. त्या वेळी असं पीक जगात कुठेही बाजारात विकलं जात नव्हतं. तरी नियमांत खाण्याच्या पदार्थांचाही उल्लेख आहे: केंद्रीय समितीच्या मंजुरीशिवाय असे पदार्थ बनवायचे, विकायचे किंवा आयात करायचे नाहीत. ही समिती पर्यावरण मंत्रालयातली, अन्नखात्यातली नव्हे.

मग 2001 साल उजाडलं. गुजरातेत अमेरिकन बोंडअळीने कापूस फस्त केला, पण काही शेतं तशीच उभी होती. तपासल्यावर त्यांत बीटीचं, म्हणजे मातीतल्या एका जिवाणूकडून घेतलेलं बोंडअळीला मारणारं जनुक सापडलं. ‘नवभारत 151’ नावाचं हे बियाणं मंजुरीविनाच विकलं गेलं होतं. पीक नष्ट करण्याचा आदेश निघाला, पण तोवर बराचसा कापूस वेचून झाला होता. पुढच्याच वर्षी, मार्च 2002 मध्ये, जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना रीतसर परवानगी मिळाली. त्याआधी सरकी जनावरांना खाऊ घालून चाचण्या झाल्या होत्या, त्या कंपनीनेच सादर केलेल्या. तेलाच्या डब्यावर काय छापायचं, हा प्रश्न मात्र तेव्हा कुणाच्या गावीही नव्हता. कापूस म्हणजे कापड, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान. काही वर्षांतच देशातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस बीटी झाला.

वांग्याचं तसं झालं नाही. कापूस अंगावर जातो, वांगं पानात येतं. ऑक्टोबर 2009 मध्ये समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला आणि देशभर गदारोळ उठला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यांत नागपूरही होतं. 9 फेब्रुवारी 2010 ला त्यांनी स्थगिती जाहीर केली. त्याच वर्षी समितीच्या नावातला ‘मंजुरी’ हा शब्द जाऊन ‘मूल्यांकन’ आला. शेजारच्या बांगलादेशाने 2013 मध्ये हेच वांगं लागवडीला सोडलं.

लेबलचा प्रश्न आला तो असा आडवाटेने. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 22 जीएम अन्नाबद्दल बोलतं, पण पहिली ठोस सक्ती झाली ती वजनमापे खात्याच्या नियमांतून. 1 जानेवारी 2013 पासून जीएम अन्न असलेल्या पाकिटाच्या दर्शनी बाजूला, वरच्या भागात ‘GM’ अशी अक्षरं छापायची. लिटरचं माप भरतंय का हे बघणाऱ्या निरीक्षकाने जनुकं कशी ओळखायची, ते कुणी सांगितलं नाही. सरकी तेलाच्या डब्यावर ती दोन अक्षरं मी तरी आजवर पाहिलेली नाहीत.

इथे एक खरी अडचण आहे, ती उडवून लावता येत नाही. तेल चांगलं रिफाइंड केलं की त्यात प्रथिनं आणि डीएनए जवळजवळ उरतच नाहीत, मग प्रयोगशाळेत सापडणार काय? युरोपने उत्तर दिलं की तेलात सापडो न सापडो, बी कुठून आलं त्याची नोंद साखळीभर ठेवा आणि लेबल लावा. नकळत झालेल्या भेसळीला सूट फक्त 0.9 टक्क्यांपर्यंत. अमेरिकेने उलट केलं: तपासणीत सापडत नसेल तर सांगायची सक्ती नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर 2021 मध्ये मसुदा काढला, त्यात मर्यादा 1 टक्का. पण आपल्याकडे कापूस खेडा खरेदीत, म्हणजे व्यापाऱ्याने गावात येऊन घेतला आणि एकदा गाडीत पडला की कुणाच्या शेतातला हे विचारायची सोय नाही. युरोपची साखळी इथे पहिल्याच कडीला तुटते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने कोंबडीखाद्यासाठी 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला मुभा दिली. लातूरच्या बाजारात सोयाबीन तेव्हा क्विंटलला दहा हजारांच्या आसपास होतं. मराठवाड्यातला शेतकरी चिडला तो भावासाठी. जनुकांचा मुद्दा निवेदनांत शोभेपुरता.

आणि कापसात आणखी एक गुंता आहे. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर इथे शेतकरी संघटनेने तणनाशकाला दाद न देणारं, मंजुरी नसलेलं बियाणं जाहीरपणे पेरलं. निंदणाची मजुरी परवडत नाही, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. गावात त्याला चोरबीटी म्हणतात. मंजूर बीटीची किमान कागदावर तपासणी झालेली, चोरबीटी मंजुरीशिवायच शेतात उतरलेलं. पण जिनिंगच्या आवारात दोन्हींची सरकी एकाच ढिगावर पडते आणि तिथूनच तेलगिरणीचे ट्रक भरतात.