शेतं मेरीलँडची, सर्व्हर व्हर्जिनियातले

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात बाल्टिमोर शहराच्या उत्तर-पश्चिमेला मका, सोयाबीन, कुरणं आणि गाईगुरांचे गोठे असलेला शेतीचा पट्टा आहे. २०२४च्या उन्हाळ्यापासून इथल्या रस्त्यांच्या कडेला आणि कुंपणांवर एकाच मागणीच्या पाट्या लागल्या: ही लाइन नको. लाइनचं नाव ‘मेरीलँड पीडमाँट रिलायबिलिटी प्रोजेक्ट’. ५०० किलोव्होल्ट दाबाची, सुमारे ६७ मैल म्हणजे १०८ किलोमीटर लांबीची, बाल्टिमोर, कॅरोल आणि फ्रेडरिक या तीन काउंट्यांमधून, म्हणजे जिल्ह्यांमधून, जाणारी ही वाहिनी. बांधणार न्यू जर्सीची पीएसईजी ही वीजकंपनी. तारांखाली मोकळा ठेवायचा पट्टा १५० फूट रुंद आहे. लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर जवळपास १,२०० एकर होतात.

वाहिनी फ्रेडरिक काउंटीतल्या डब्स उपकेंद्रात संपते. तिथून पोटोमॅक नदी ओलांडली की व्हर्जिनियाची लाउडन काउंटी. जगात डेटा सेंटरांची, म्हणजे सर्व्हरांनी भरलेल्या इमारतींची, सगळ्यात दाट वस्ती तिथेच आहे. त्यामुळे शेतकऱ्यांचं म्हणणं सरळ आहे: वीज व्हर्जिनियाला, टॉवर आमच्या वावरात. कंपनी आणि या भागातल्या १३ राज्यांचं वीजजाळं चालवणारी ‘पीजेएम’ ही संस्था म्हणते, असं नाही, ही वाहिनी मेरीलँडचा पुरवठा भरवशाचा राहावा म्हणून आहे. गंमत अशी की दोघंही खरं बोलतायत. ते कसं, हे समजायला थोडं भौतिकशास्त्र लागतं, आणि ते या वादात फारसं कुणी सांगत नाही.

आधी डेटा सेंटरांकडे बघू. लाउडनमधल्या ॲशबर्न गावाच्या आसपास १९९०च्या दशकात इंटरनेटच्या मुख्य वाहिन्या एकत्र आल्या, मग एओएलसारख्या इंटरनेट कंपन्या आल्या, आणि जिथे तारा आहेत तिथे सर्व्हर ठेवणं सोयीचं म्हणून बाकीचे आले. आता तिथे अशा जवळपास २०० इमारती आहेत. (आपल्याकडून गेलेल्या बऱ्याच संगणक अभियंत्यांची घरंही त्याच परिसरात आहेत.) साध्या सर्व्हरांचं एक कपाट ५ ते १० किलोवॅट वीज घेतं. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिपांचं तेवढंच कपाट १०० किलोवॅटच्या वर जातं. त्यामुळे एकाच आवाराची मागणी १०० मेगावॅट असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. महिन्याला ३०० युनिट जाळणारं आपल्याकडचं घर सरासरी ०.४ किलोवॅट वापरतं. म्हणजे ते एक आवार अडीच लाख घरांच्या बरोबरीचं, आणि रात्री दिवे मालवून झोपी जाणं त्याला ठाऊक नाही.

आता मूळ प्रश्न: ही वीज नक्की कुणाची? पाटाच्या पाण्याला पाळी असते, पाटकरी असतो, दार उघडलं की पाणी तुमच्या शेतात येतं. वीजजाळ्यात असं दार नसतं. उत्पादन केंद्रातून निघालेली वीज उपलब्ध असलेल्या सगळ्या वाटांनी एकाच वेळी वाहते, जिथे अडथळा कमी तिथून जास्त, जिथे जास्त तिथून कमी. त्यामुळे लाउडनमध्ये मागणी वाढली की पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँडमधल्या जुन्या वाहिन्यांवरचा भार आपोआप वाढतो, कुणी ठरवलेलं असो वा नसो. जाळं आखणारे संगणकावर सतत एकच परीक्षा घेत असतात: यातली कुठलीही एक वाहिनी किंवा ट्रान्सफॉर्मर अचानक बंद पडला, तर उरलेल्यांवर पेलणार नाही इतका भार येतो का? येत असेल तर तो नियमभंग ठरतो, आणि उपाय करावाच लागतो. पीजेएमच्या या परीक्षेत काही वर्षांनंतरचं जाळं नापास झालं. कारणं दोन. साडेसात हजार मेगावॅटपर्यंतची नवी डेटा सेंटरं, आणि बंद होऊ घातलेली ११,००० मेगावॅटची जुनी वीजकेंद्रं. बाल्टिमोरजवळचं ब्रँडन शोअर्स हे कोळशावरचं केंद्र त्यातलंच. डिसेंबर २०२३मध्ये पीजेएमने सुमारे ५ अब्ज डॉलरच्या वाहिन्या मंजूर केल्या, त्यांत पीडमाँट होती.

मेरीलँड आपली सुमारे ४० टक्के वीज बाहेरून आणतं. स्थानिक केंद्र बंद झालं की आणखी आणावी लागणार, म्हणून ‘भरवसा’ हा शब्द खोटा नाही. पण डेटा सेंटरं त्या हिशेबातून काढली तर परीक्षेचा निकाल तोच लागला असता का, हा प्रश्नही रास्त आहे. तारेतून जाणाऱ्या विजेवर नाव लिहिलेलं नसल्यामुळे प्रत्येक बाजूला आपल्या सोयीचं अर्धं सत्य उचलता येतं.

‘वीज न्यायचीच असेल तर कमी दाबाची, बुटकी लाइन टाका की’, असं सुनावण्यांत कुणीतरी म्हणतंच. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १,००० मेगावॅट ५०० किलोव्होल्टवर नेताना प्रत्येक फेजमधून सुमारे १,१५० ॲम्पिअर वाहतात; २३० किलोव्होल्टवर नेताना सुमारे २,५००. त्याच तारेत तूट जवळपास पावणेपाच पट होते. म्हणजे ती कमी करायला जाड तारा किंवा दोन-तीन वाहिन्या शेजारीशेजारी, आणि पट्टा पुन्हा रुंदच. दाब जास्त म्हणून तारा जमिनीपासून उंच आणि एकमेकींपासून लांब, म्हणून मनोरा उंच. इथे कंपनीशी भांडण्यात अर्थ नाही.

‘मग जमिनीखालून न्या’ या मागणीत मात्र दम आहे, आणि तिचं उत्तर अधिक रंजक आहे. भूमिगत केबल म्हणजे मधोमध तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वाहक, भोवती पॉलिथिनचं जाड आवरण, आणि त्याबाहेर जमिनीला जोडलेलं धातूचं वेष्टन. दोन धातूंच्या मध्ये विद्युतरोधक. शाळेत शिकलेला कपॅसिटर तो हाच, फक्त कित्येक किलोमीटर लांब. अमेरिकेत प्रत्यावर्ती प्रवाहाचा दाब सेकंदाला ६० आवर्तनं घेतो. प्रत्येक आवर्तनात हा कपॅसिटर भरावा लागतो, रिकामा करावा लागतो, उलटा भरावा लागतो, पुन्हा रिकामा करावा लागतो. ५०० किलोव्होल्टच्या केबलला या नुसत्या भर-उपशासाठी दर किलोमीटरला ढोबळमानाने २० ॲम्पिअर लागतात. म्हणजे पन्नासेक किलोमीटर गेलं की हा बिनकामाचा प्रवाह वर सांगितलेल्या ११५० ॲम्पिअरच्या घरात पोचतो. पलीकडच्या टोकाला उपयोगाची वीज न्यायला केबलमध्ये जागा उरत नाही. वाटेत ठरावीक अंतरावर रिॲक्टर, म्हणजे हा बिनकामाचा प्रवाह भागवणारी मोठी वेटोळी, बसवून यावर मात करता येते, पण त्यांना जागा लागते, पैसा लागतो, आणि केबल बिघडली तर खोदून दोष शोधायला कधी आठवडे जातात. खर्च हवेतल्या वाहिनीच्या कित्येक पट होतो.

प्रवाह एकाच दिशेने वाहणारा केला, म्हणजे डीसी, तर ही भानगडच राहत नाही. केबल एकदाच भरायची. दोन टोकांना महागडी परिवर्तन केंद्रं लागतात, पण मधलं अंतर कितीही चालतं. कॅनडातल्या क्यूबेकमधून न्यू यॉर्क शहरात १,२५० मेगावॅट आणणारी ३३९ मैलांची वाहिनी पूर्णपणे जमिनीखालून आणि पाण्याखालून आखली गेली ती अशीच. जर्मनीत उत्तर समुद्रावरची पवनऊर्जा दक्षिणेला नेणाऱ्या वाहिन्यांना बव्हेरियातून इतका विरोध झाला, की २०१५च्या अखेरीस कायदा बदलून अशा डीसी वाहिन्यांसाठी भूमिगत केबलला प्राधान्य दिलं गेलं. प्रकल्प लांबले आणि महागले, पण टॉवर गेले. मुंबईसाठीची कुडूस ते आरे ही १,००० मेगावॅटची डीसी वाहिनी सुमारे ८० किलोमीटरची. त्यातले जवळपास ५० किलोमीटर जमिनीखालून. शहरात टॉवरला जागाच नाही, तेव्हा तंत्रज्ञान आणि पैसा दोन्ही सापडतात. कुरणातून जायचं असलं की ‘परवडत नाही’. माझ्या मते मेरीलँडच्या शेतकऱ्यांचा खरा आक्षेप इथे आहे.

तब्येतीचं काय? या भीतीवर सभेत टाळ्या हमखास मिळतात, पण विरोधकांच्या मुद्द्यांत हाच सगळ्यात लंगडा. तारांखालचं चुंबकीय क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटतं, आणि लोकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. वाहिनीखाली ते त्याच्या बरंच आत राहतं. घरात सातत्याने ०.३ ते ०.४ मायक्रोटेस्लाच्या वर क्षेत्र असलेल्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण किंचित जास्त आढळलं, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२मध्ये या क्षेत्रांना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकलं. कार्यकारणभाव मात्र सिद्ध झालेला नाही. आवाजाची तक्रार खरी आहे. पावसात किंवा धुक्यात तारेवरच्या थेंबांच्या टोकांशी विद्युतक्षेत्र एकवटतं, भोवतालची हवा फुटते, आणि चरचर ऐकू येते. शेजारच्या लांबलचक तारेच्या कुंपणात दाब प्रवर्तित होतो, ते ठिकठिकाणी जमिनीला जोडावं लागतं. नळीचा दिवा हातात धरून वाहिनीखाली उभं राहिलं तर तो मंद उजळतोही.

जमिनीचा मुद्दा याहून वजनदार आहे. मेरीलँडने १९७७मध्ये शेतजमीन वाचवण्यासाठी एक संस्था स्थापन केली. शेतकरी आपल्या जमिनीवर बांधकाम करण्याचा हक्क कायमचा विकतो, सरकार त्याचे पैसे देतं, जमीन शेतीच राहते. कॅरोल काउंटीत अशा करारांखाली मोठं क्षेत्र आहे. ज्याने प्लॉट पाडून विकण्यावर कायमचं पाणी सोडलं, त्याच्याच शेतातून आता टॉवरची रांग जायची म्हणताहेत. एक कारण असंही, की बांधकाम नसलेला सलग मोकळा पट्टा आखणी करणाऱ्याला सोयीचा दिसतो. जमीनमालकांनी मोजणीलाच विरोध केला. कंपनीने २०२४च्या शेवटच्या दिवशी वाहिनीच्या मंजुरीसाठी राज्याच्या सेवा आयोगाकडे, म्हणजे वीजकंपन्यांचं नियमन करणाऱ्या संस्थेकडे, अर्ज केला होता. मोजणीसाठी आत जाऊ द्यावं म्हणून एप्रिल २०२५मध्ये तिने अनेक जमीनमालकांविरुद्ध संघीय न्यायालयात धाव घेतली, आणि जूनमध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. मंजुरी मिळालेली नसताना मोजणीची सक्ती, हे आपल्याकडच्या वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको.

बरं, एवढी वीज नेऊन जाळं भक्कम होतंच असंही नाही. १० जुलै २०२४च्या संध्याकाळी उत्तर व्हर्जिनियातल्या २३० किलोव्होल्टच्या एका वाहिनीवर तडितरोधक, म्हणजे आकाशातल्या विजेपासून वाचवणारं उपकरण, निकामी झाला. वाहिनी पुन्हा चालू करायचे आपोआप प्रयत्न झाले, आणि दीडेक मिनिटात दाबाला सहा झटके बसले. डेटा सेंटरांच्या संरक्षक यंत्रणा असे झटके मोजतात. मिनिटात तीन झाले की यंत्रणा बाहेरची वीज सोडून आपल्या बॅटऱ्यांवर जाते, आणि माणसाने हाताने जोडेपर्यंत परत येत नाही. सुमारे ६० डेटा सेंटरं एकदम सुटली. १,५०० मेगावॅटची मागणी क्षणात नाहीशी. नेहमी चिंता असते ती केंद्र बंद पडल्याची, इथे गिऱ्हाईकच पळालं, आणि दाब वर चढला. त्या दिवशी निभावलं.

आता पैशाकडे येऊ. पीजेएमच्या नियमांनुसार ५०० किलोव्होल्टच्या वाहिनीचा निम्मा खर्च १३ राज्यं आणि वॉशिंग्टनच्या सगळ्या ग्राहकांवर मागणीच्या प्रमाणात वाटला जातो, उरलेला निम्मा त्या वाहिनीचा वापर कुणाकडे किती होतो त्या गणितावर. म्हणजे टॉवर ज्याच्या शेतात, त्याच्या बिलातही टॉवरचा वाटा.

हे सगळं ज्या मागणीच्या अंदाजावर उभं आहे, तो अंदाज कितपत खरा? डेटा सेंटर कंपनी एकाच प्रकल्पासाठी तीन-चार ठिकाणी वीज मागून ठेवते आणि जिथे लवकर मिळेल तिथे बांधते. जाळं आखणाऱ्याच्या वहीत मात्र नोंदी सगळीकडे पडतात. शिवाय जाळं वर्षातल्या मोजक्या तासांत येणाऱ्या सर्वोच्च मागणीसाठी बांधलेलं असतं. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी फेब्रुवारी २०२५मध्ये हिशेब मांडला, की नव्या मोठ्या ग्राहकांनी त्या तासांत आपला वापर थोडा आवरला, वर्षभराच्या वापराच्या फक्त ०.२५ टक्के, तर अमेरिकेच्या सध्याच्याच यंत्रणेत ७६,००० मेगावॅटची नवी मागणी सामावू शकते. जुन्या मनोऱ्यांवर जास्त प्रवाह पेलणाऱ्या नव्या तारा चढवणं हा आणखी एक मार्ग. त्याला नवी जमीन लागत नाही.

ओहायोत जुलै २०२५मध्ये तिथल्या आयोगाने एक साधा नियम केला. एईपी ओहायो या कंपनीकडे वीज मागणाऱ्या नव्या मोठ्या डेटा सेंटरने, मागितलेल्या क्षमतेच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे १२ वर्षांपर्यंत भरायचे, वापरा अथवा न वापरा. त्याआधी कंपनीच्या यादीत सुमारे ३०,००० मेगावॅटच्या मागण्या नोंदवलेल्या होत्या. नियम लागू झाल्यावर काही महिन्यांत यादीत उरले १३,००० मेगावॅट.