प्रीहीटिंग वेगळं, वेस्ट हीट रिकव्हरी वेगळी, मधली तिरकी रेघ काढा

आर्क फर्नेसचं, म्हणजे विजेच्या ठिणगीने स्क्रॅप (भंगार) वितळवून पोलाद करणाऱ्या भट्टीचं, कुठलंही प्रपोजल उघडा, त्यात 'स्क्रॅप प्रीहीटिंग / वेस्ट हीट रिकव्हरी' अशी ओळ असतेच, जणू एकाच माणसाची दोन नावं. ती तिरकी रेघ दिसली की माझं डोकं फिरतं.

प्रीहीटिंग तुम्हाला माहितीय, त्यामुळे पटकन उरकतो. भट्टीतून निघणारा गरम गॅस स्क्रॅपवरून न्यायचा आणि तापलेला स्क्रॅप भट्टीत घ्यायचा. कॉन्स्टील नावाच्या पद्धतीत हे आडव्या कन्व्हेयरवर होतं, शाफ्ट पद्धतीत उभ्या धुराड्यात. आडवं बरं की उभं यावर लोक तासन्‌तास भांडतात, भांडू देत. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे वेस्ट हीट रिकव्हरीत, त्याच गॅसवर बॉयलर चालवून वाफ करतात.

घोळ होतो तो पुढे, की उष्णता शेवटी जाते कुठे. प्रीहीटिंगमध्ये ती त्याच हीटमध्ये परत जाते (हीट म्हणजे इथे भट्टीचा एक घाणा, हा शब्दही घोळात भरच घालतो). १ टन स्क्रॅप ३०० अंशांनी तापवला की त्यात साधारण ४० ते ४५ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बसते, आणि जवळपास तेवढी वीज इलेक्ट्रोडमधून कमी द्यावी लागते, भट्टीचा मीटरच ते दाखवतो. आता तीच ४५ युनिट वाफेतून ओआरसी टर्बाइनला (कमी तापमानाच्या उष्णतेवर वीज करणारं यंत्र) द्या, हातात येतात फार तर ८-९ युनिट, कारण एवढ्या तापमानाला उष्णतेच्या पाचव्या हिश्श्याइतकी वीज मिळाली तरी नशीब, आणि भट्टीचं युनिट पर टन तसूभरही हलत नाही. तरी लोक 'याने १० टक्के, त्याने १० टक्के, झाले २० टक्के' अशी बेरीज करून मोकळे. अरे, गॅस एकच आहे! स्क्रॅपने आधी उष्णता ओढून घेतली की बॉयलरच्या वाट्याला चिपाडच येणार.

दोन्ही एकत्र लावता येतात, नाही असं नाही. इटलीत ब्रेशियाच्या ओरी मार्टिनकडे कॉन्स्टीलही आहे आणि मागे बॉयलरही, हिवाळ्यात त्यातली उष्णता शहरातल्या घरांना जाते, उन्हाळ्यात वीज करतात. जर्मनीत रीझाला फेराल्पीची वाफ टायरच्या कारखान्यात जाते. म्हणजे वाफेला गिऱ्हाईक असेल तर वाफ वाफ म्हणूनच द्यायची, टर्बाइन सगळ्यात शेवटी. आपल्याकडे घरं तापवायची नाहीत, पण व्हॅक्यूम डिगॅसिंगच्या (वितळलेल्या पोलादातला वायू निर्वातात काढण्याच्या) इजेक्टरला वाफ लागतेच आणि त्यासाठी बाजूला वेगळा बॉयलर इंधन जाळत बसलेला असतो. मी तर आधी तो बंद करेन. फक्त स्टीम ॲक्युम्युलेटरचे (वाफ साठवणाऱ्या टाकीचे) पैसे आधीच धरा, कारण भट्टी हीट संपली की गॅस देत नाही आणि वाफ मागणारा थांबत नाही.

प्रीहीटिंगवाल्यांनीही फार छाती काढू नये. तेलकट, रंगवलेला, प्लॅस्टिक चिकटलेला स्क्रॅप अर्धवट तापला की डायॉक्सिन हे विषारी रसायन होतं, मग तो गॅस पुन्हा ८५० अंशांच्या वर नेऊन झटक्यात थंड करावा लागतो, आणि त्याचं इंधन त्या ४५ मधून वजा करायचं असतं, जे कुणी करत नाही.

जालन्याकडचे इंडक्शन भट्टीवाले विचारतात आम्हाला यातलं काय चालेल. तुमच्याकडे फोर्थ होलच (आर्क भट्टीच्या छतातलं, गॅस ओढून घेणारं भोक) नाही, मागे नेण्याइतका गरम गॅसही नाही, त्यामुळे तिथे प्रीहीटिंग म्हणजे बर्नर लावून विकतचं इंधन जाळणं. परवडत असेल तर जरूर करा, पण त्याला रिकव्हरी म्हणू नका.

आणि हो, बॅग हाऊसची (गॅस गाळणाऱ्या पिशव्यांतली) धूळ जस्त काढायला जाते तिलाही कुणीतरी याच रकान्यात 'वेस्ट रिकव्हरी' म्हणून घुसवतं. तिचा युनिटशी काडीचाही संबंध नाही, ती जस्ताच्या भावाच्या रकान्यात टाका.