आले गप्पांना, राहिले कशाला?

मायबोली हे मराठीतून गप्पा मारण्याचं संकेतस्थळ १६ सप्टेंबर १९९६ रोजी, गणेश चतुर्थीच्या मुहूर्तावर सुरू झालं. भारतात व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं करून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. इथे कनेक्शन डायल-अप आणि महाग, त्यामुळे पहिला मेळा जमला तो मुख्यतः अमेरिकेतल्या मराठी मंडळींचा. कुठल्याही संगणकावर देवनागरी दिसू देणारं युनिकोड अजून घरोघर पोचायचं होतं. फॉन्ट उतरवून घ्या, नाहीतर रोमन अक्षरांत मराठी लिहा, असा मामला. तरी माणसं येत, कारण दिवसभर तोंडात न आलेली भाषा तिथे मिळे.

पण हे झालं येण्याचं कारण. माणूस टिकतो तो वेगळ्याच गोष्टीवर, आणि ते आधी दिसलं कॅलिफोर्नियात. १९८५ मध्ये स्ट्युअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी ‘द वेल’ हे संगणकावरचं चर्चास्थळ सुरू केलं. (हे ब्रिलियंट म्हणजे सत्तरच्या दशकात भारतातल्या देवी निर्मूलन मोहिमेत राबलेले डॉक्टर.) तिथे खऱ्या नावाची ओळख लपवता येत नसे, आणि बरेचसे सभासद सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचे, म्हणून पडद्यावर वाद घातलेली माणसं पार्टीत समोरासमोर भेटत. चर्चा सांभाळणाऱ्या यजमानांना वापर फुकट असे. मला वाटतं, फुकटपणापेक्षा सोपवलेली जबाबदारीच त्यांना जास्त बांधून ठेवत असावी. पुढे मालकी सलॉन कंपनीकडे गेली. २०१२ मध्ये सलॉन ‘वेल’ विकायला निघाली, तेव्हा सभासदांनीच पैसे जमवून ते विकत घेतलं.

मायबोलीकरांकडे जबाबदारी वाटायला आयतीच परंपरा होती. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून मराठी माणसाला दिवाळी अंकाची सवय, इथेही तो निघू लागला. लेख मागवा, शुद्धलेखन तपासा, मुखपृष्ठावरून रुसवेफुगवे काढा, आणि हे सगळं दोन खंडांतल्या घड्याळांचा मेळ घालत, बिनपगारी. जोडीला ऑनलाइन गणेशोत्सवातल्या स्पर्धा, पावसाळ्यातला वर्षाविहार आणि अधूनमधून गटग, म्हणजे प्रत्यक्ष भेटी. संपादक मंडळात एकदा ओढलेला माणूस सहजी सुटत नाही. भांडून ‘आता कायमचा रामराम’ लिहिणारेही बऱ्याचदा पुढच्या धाग्यावर, म्हणजे नव्या चर्चेत, हजर असतात, कारण भांडायलाही ओळखीचीच माणसं लागतात.

मग अशीच आणखी मराठी संकेतस्थळं निघाली: २००४ मध्ये मनोगत आलं, २००७ मध्ये मिसळपाव. त्यानंतर फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप. तिथे शिरणं सोपं, पण अंगावर काम काहीच पडत नाही. गट सोडला तरी कुणाचं अडत नाही.

या हिशेबात एक वर्ग मात्र बसत नाही: रोमातले, म्हणजे नुसतं वाचणारे. त्यांच्यावर ना काम, ना त्यांना कुणी नावाने ओळखत, तरी वर्षानुवर्षं येतात. कोण कुणावर घसरतो, कुणाच्या पाककृती खरोखर जमतात, हे त्यांना लिहिणाऱ्यांपेक्षा नेमकं ठाऊक असतं. आणि लिहिणारे लिहीत राहतात ते बरंचसं याच वाचकांच्या भरवशावर.