डिस्प्लेमधल्या चिकट थराचं पेटंट: कोल्हापुरातून अर्ज कसा करायचा आणि परीक्षक काय तपासतो

पावसाळ्यात पहाटे साडेपाचला कुठल्याही दूध संस्थेत जाऊन उभं राहा. काट्यावरच्या डिस्प्लेवर लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) उमटत असतं आणि काचेच्या आत, कोपऱ्यातून वर चढलेला धुक्यासारखा पट्टा असतो. काच पुसून उपयोग नसतो, कारण वाफ आतल्या बाजूला असते. फॅटचा आकडा ३.८ आहे की ३.६, हे शेतकरी डोळे बारीक करून बघतो. त्याच्या दुधाचा दर त्यावर ठरतो.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतला माझा एक मित्र अशा डिस्प्लेची जोडणी करतो. वरची काच आणि आतलं एलसीडी पॅनेल यांच्यामधली पोकळी त्यानं पारदर्शक चिकट थरानं भरली. मधे मऊ अॅक्रिलिक आणि कडेला ओल अडवणारी, रबराच्या जातीची वेगळी पट्टी. धुकं थांबलं. मग तो मला विचारायला आला, "ह्याचं पेटंट मिळंल का?"

मिळू शकतं. पण अशा थराच्या बाबतीत अर्जाचं भवितव्य बरंचसं दाखल करायच्या दिवशीच ठरतं. त्या दिवशी कागदावर जी मापं असतील, तीच पुढं कामाला येतात. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे.

थर एवढा महत्त्वाचा का

काच आणि हवा जिथं भेटतात तिथं सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. पोकळी ठेवली तर काचेची मागची बाजू आणि पॅनेलची पुढची बाजू असे दोन पृष्ठभाग होतात, म्हणजे साधारण ८ टक्के. उन्हात आकडे फिके दिसतात ते यामुळं. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते सांगणारा आकडा, १.५ च्या आसपास असतो. त्याच्या जवळचा अपवर्तनांक असलेला चिकट पदार्थ मधे भरला की हे परावर्तन जवळजवळ संपतं. शिवाय धक्का सोसला जातो आणि ओल शिरायला जागा उरत नाही.

पण तोच थर उन्हानं पिवळा पडू शकतो, काही दिवसांनी त्यात बुडबुडे येऊ शकतात, गरम झाल्यावर कडेनं सुटू शकतो. घडीच्या फोनमध्ये तर प्रत्येक घडीला तो ताणला जातो आणि परत मूळ जागी यावा लागतो. म्हणूनच या एका थरावर जपानी, कोरियन आणि अमेरिकन कंपन्यांनी अर्जांचे ढीग लावले आहेत. निट्टो डेन्को, थ्रीएम, एलजी केम ही नावं शोध घेताना वारंवार भेटतील. आपला अर्ज तपासणाऱ्या परीक्षकाच्या टेबलावर हेच कागद असतात.

अर्ज कोण करू शकतो

खरा आणि पहिला संशोधक, त्यानं ज्याला हक्क लिहून दिला तो, किंवा संशोधक हयात नसेल तर त्याचा कायदेशीर वारस. व्यक्ती, भागीदारी, कंपनी, महाविद्यालय, सगळे चालतात.

इथं एक चूक सर्रास होते. थर शोधला कामगारानं किंवा प्रोजेक्टला आलेल्या विद्यार्थ्यानं, आणि अर्ज मालकाच्या नावावर. पगार देतो म्हणून शोध आपोआप मालकाचा होतो, असं पेटंट कायद्यात नाही. फॉर्म १ वर, म्हणजे मूळ अर्जावर, संशोधकाची सही घ्या किंवा हक्क हस्तांतराचा वेगळा लेख करा. हा पुरावा अर्ज दाखल झाल्यापासून ६ महिन्यांत द्यावा लागतो. आणि ज्यानं डोकं चालवलं त्याचं नाव संशोधक म्हणून आलंच पाहिजे. ते त्याच्या हक्काचं आहे.

कोल्हापुरात अजून एक घोटाळा होतो. चपलेला आणि गुळाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, त्यामुळं बरेचजण जीआय आणि पेटंट एकच समजतात. जीआय प्रदेशाच्या नावाशी बांधलेलं आणि तिथल्या सगळ्या उत्पादकांसाठी असतं. पेटंट नव्या तांत्रिक शोधाचं, फक्त अर्जदाराचं, २० वर्षांच्या मुदतीचं असतं.

कागद आणि पैसे

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडं जातात. तिथं जायची गरज नाही. डिजिटल सही असेल तर घरबसल्या ऑनलाइन दाखल होतो, कागदावर दिला तर फी १० टक्के जास्त. अर्ज मराठीत चालत नाही, इंग्रजी किंवा हिंदीत लागतो. तरीही आधी सगळं मराठीत लिहून काढा, असं मी आवर्जून सांगतो. स्वतःच्या भाषेत लिहिताना कुठली पायरी सुटली ते लगेच कळतं.

फॉर्म १ म्हणजे मूळ अर्ज. फॉर्म २ म्हणजे स्पेसिफिकेशन: शोधाचं वर्णन, आकृत्या, दावे (नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणारी वाक्यं) आणि १५० शब्दांच्या आतला गोषवारा. फॉर्म ३ मध्ये परदेशातल्या अर्जांची माहिती, फॉर्म ५ मध्ये संशोधकांबद्दलचं घोषणापत्र. अर्जाचं काम बघणारा पेटंट एजंट नेमला तर फॉर्म २६. छोटा उद्योग म्हणून सवलत हवी असेल तर फॉर्म २८ आणि सोबत उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र. स्टार्टअप असेल तर स्टार्टअप म्हणून मिळालेल्या सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र.

ऑनलाइन अर्जाची फी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांना १,६०० रुपये, इतरांना ८,००० रुपये. त्यात ३० पानं आणि १० दावे बसतात. पुढच्या प्रत्येक पानाला सवलतीत १६० आणि प्रत्येक दाव्याला ३२० रुपये. एजंटची फी वेगळी असते. स्टार्टअपसाठी केंद्र सरकारची एक योजना आहे, तिच्यात अर्ज करून देणाऱ्या मदतनीसाची फी सरकार भरतं आणि अर्जदारानं फक्त सरकारी शुल्क भरायचं असतं. मान्यता असेल तर याची चौकशी जरूर करा.

घाईची प्रोव्हिजनल

शोध अजून पक्का झाला नसेल तर आधी प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन देऊन तारीख धरता येते. त्यानंतर १२ महिन्यांत पूर्ण स्पेसिफिकेशन दिलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात.

माझ्या मित्रानं घाईनं दोन पानांची प्रोव्हिजनल दिली. "काच आणि पॅनेल यांच्यामध्ये मऊ चिकट थर, कडेला ओलरोधक थर," एवढंच. कडेची पट्टी किती रुंद, ती मधल्या थरावर किती चढते, दोन्हींची जाडी किती, यातलं काहीच नाही. मग निर्धास्त होऊन त्यानं तीन दूध संस्थांत नमुने बसवले. सात महिन्यांनी पूर्ण स्पेसिफिकेशनमध्ये सगळी मापं आली. पण जे प्रोव्हिजनलमध्ये नव्हतं त्याला जुनी तारीख मिळत नाही. त्या दाव्यांची तारीख धरली गेली ती पूर्ण स्पेसिफिकेशनची, आणि त्याआधीच माल लोकांसमोर होता. खरी जान असलेले दावे त्याला वगळावे लागले. ते कागद चाळताना त्याचा चेहरा कसा झाला होता, ते मला अजून आठवतं.

म्हणून अर्ज दाखल होईपर्यंत नमुना बाहेर देऊ नका, प्रदर्शनात मांडू नका, व्हॉट्सअॅपवर फोटो टाकू नका. पुरवठादाराला दाखवणं भागच असेल तर आधी गुप्ततेचा करार करा. कायद्यात १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढं वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती. नेहमीच्या विक्रीला ती लागू नाही.

दाखल करण्याआधी शोध

भारतीय अर्ज पेटंट कार्यालयाच्या इनपास या साइटवर फुकट पाहता येतात, जगातले पेटंटस्कोप, एस्पेसनेट आणि गूगल पेटंट्सवर. नुसत्या शब्दांवर शोधलं तर निम्मं सुटतं, कारण कोणी 'अॅधेसिव्ह शीट' लिहितो तर कोणी 'बाँडिंग लेयर'. त्यापेक्षा वर्गीकरणाच्या खुणा वापरा. चिकट पदार्थ सी०९जे मध्ये, थरांची रचना बी३२बी मध्ये, एलसीडीची बांधणी जी०२एफ १/१३३३ मध्ये, ओएलईडी (ज्याचे ठिपके स्वतः उजळतात तो डिस्प्ले) एच१०के मध्ये सापडतात. दोन संध्याकाळी बसलात तरी आपला शोध कुठं उभा आहे ते कळतं.

परीक्षण

अर्ज दिला की परीक्षण आपोआप सुरू होत नाही. फॉर्म १८ भरून मागणी करावी लागते, सवलतीत ४,००० रुपये, इतरांना २०,०००. मुदत प्राधान्य तारखेपासून, म्हणजे पहिला अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून, ३१ महिने. पूर्वी ४८ होती, २०२४ च्या नियमदुरुस्तीत ती कमी झाली, आणि जुन्या मुदतीवर विसंबणारे अजूनही भेटतात. मागणी राहिली तर अर्ज मागं घेतला असं मानलं जातं. लवकर परीक्षण हवं असेल तर फॉर्म १८ए. तो स्टार्टअप, लघुउद्योग, महिला अर्जदार, सरकारी संस्था अशांना खुला आहे, सवलतीची फी ८,००० रुपये. परीक्षणाआधी अर्ज प्रसिद्ध व्हावा लागतो. एरवी ते १८ महिन्यांनी होतं, फॉर्म ९ दिला तर लवकर.

मग येतो पहिला परीक्षण अहवाल, सगळे त्याला एफईआर म्हणतात. त्यात परीक्षक जुने कागद डी१, डी२ असे क्रमांक देऊन मांडतो. आमच्या उदाहरणात समजा डी१ मध्ये मऊ पारदर्शक थर आहे आणि डी२ मध्ये ओएलईडीच्या कडेची ओलरोधक पट्टी. परीक्षक म्हणेल, या क्षेत्रातल्या जाणकाराला दोन्ही एकत्र करणं सहज सुचलं असतं. एकाच कागदात सगळं सापडलं तर आक्षेप नावीन्याचा. दोन कागद जोडावे लागले तर आक्षेप कल्पकतेच्या पायरीचा.

त्याखेरीज पेटंट कायद्याचं कलम ३, म्हणजे कशाला पेटंट मिळत नाही त्याची यादी. चिकट थराच्या अर्जात तीन उपकलमं पुन्हा पुन्हा येतात. ३(डी): माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोग. दुकानात मिळणारा गोंद मी डिस्प्लेला वापरला, एवढ्यावर पेटंट नाही. ३(ई): नुसतं मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची फक्त बेरीज होते. ३(एफ): माहीत असलेल्या वस्तूंची नुसती मांडणी किंवा फेरमांडणी, ज्यात प्रत्येक वस्तू आपापलं काम स्वतंत्रपणे करते.

तिन्हींना उत्तर एकच, आणि ते तुलनेच्या तक्त्यात असतं. नुसत्या मऊ थराचा नमुना, नुसत्या कडेच्या पट्टीचा नमुना आणि दोन्ही मिळून केलेला नमुना, तिघांना एकाच कपाटात ८५ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रतेत ठेवा. ठरावीक तासांनी धूसरपणा मोजा, पिवळेपणा मोजा, पट्टी सोलायला किती जोर लागतो तो मोजा. दोन्ही एकत्र आल्यावर नुसत्या बेरजेपेक्षा जास्त काही घडलं, हे आकड्यांत दिसलं तर अर्जाला बळ येतं. हे आकडे स्पेसिफिकेशनमध्ये पहिल्यापासून हवेत. कलम ५९ प्रमाणं नंतरची दुरुस्ती दावा आखडण्यापुरती, चूक सुधारण्यापुरती किंवा खुलाशापुरती असते. मुळात नसलेला नवा मजकूर घालता येत नाही.

मोजायची पद्धतही लिहा. 'थराची लवचीकता अमुक ते अमुक' असा दावा केला आणि ती कुठल्या तापमानाला, कुठल्या पद्धतीनं मोजली ते सांगितलं नाही, तर वर्णन अपुरं असल्याचा आक्षेप नक्की येतो. मोजमापाची साधनं स्वतःकडं नसतील तर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत किंवा शिवाजी विद्यापीठात विचारा. पण हक्क आणि गुप्तता यांचं आधी लेखी ठरवून घ्या.

दाव्यांच्या भाषेबद्दल एक. 'काच व पॅनेल यांच्यामध्ये पारदर्शक चिकट थर असलेला डिस्प्ले' हा दावा पहिल्याच वाचनात पडेल. 'मधला थर अमुक जाडीचा, कडेची पट्टी अमुक रुंदीची, पट्टीची आतली कड मधल्या थरावर इतकी चढलेली' असा दावा टिकू शकतो. सगळ्यात रुंद दावा वर आणि त्याखाली पायरीपायरीनं अरुंद दावे ठेवा. वरचा पडला तर खालचा हाताशी राहतो.

आणि रसायनाचं नेमकं प्रमाण? माल उघडून कोणाला ते कळणार नसेल तर पेटंटमध्ये उघड करण्यापेक्षा ते गुपित ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. थरांची रचना मात्र उघडताक्षणी दिसते, तिचं पेटंट घ्या. पण ज्याचा दावा करता ते करायची तुम्हाला माहीत असलेली सर्वोत्तम पद्धत लपवता येत नाही, ती अट कलम १० मध्येच आहे. त्यामुळं कशाचा दावा करायचा हे आधी ठरवा.

एफईआरनंतर

उत्तराला ६ महिने मिळतात. फॉर्म ४ आणि फी भरून आणखी ३ महिन्यांपर्यंत वाढ मिळते. त्यातही उत्तर गेलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. अहवाल ईमेलवर येतो, म्हणून अर्जात रोज उघडला जाणारा पत्ता द्या. उत्तर देताना डी१ आणि डी२ पूर्ण वाचा. बऱ्याचदा डी२ मधली पट्टी कडक असते आणि मऊ थराबरोबर ती तडकेल हे त्याच कागदात लिहिलेलं असतं. परीक्षकाला ते पान आणि परिच्छेद दाखवून दिलं की चर्चेला वेगळं वळण लागतं.

परीक्षकाचं समाधान झालं नाही तर नियंत्रकापुढं (पेटंट कार्यालयातल्या निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यापुढं) सुनावणी होते, तीही व्हिडिओवर. त्यानंतर १५ दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं. अर्ज फेटाळला गेला तर अपील उच्च न्यायालयात.

हाच माल परदेशातही संरक्षित करायचा असेल तर भारतात अर्ज दिल्यावर ६ आठवडे थांबावं लागतं, किंवा फॉर्म २५ वर आधी परवानगी घ्यावी लागते.

पेटंट मिळालं की तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण फी सुरू होते. सवलतीच्या दरात सहाव्या वर्षापर्यंत वर्षाला ८०० रुपये, पुढं वाढत जाऊन शेवटच्या पाच वर्षांत ८,०००. पेटंट प्रत्यक्ष वापरात आहे का, याची माहिती फॉर्म २७ मध्ये तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायची असते.

माझ्या मित्राचा नवा नमुना सध्या कपाटात आहे. कडेची पट्टी आता दोन पदरी केली आहे. दर चोवीस तासांनी तो धूसरपणा मोजतो आणि तारीख घालून वहीत सही करतो. यावेळी वही भरेपर्यंत नमुना कारखान्याबाहेर जाणार नाही, असं त्यानं ठरवलंय.